विषय क्रमांक तीन : अण्वस्त्रे कोणाजवळ असावीत?

मागच्या सभेचं इतिवृत्त सरोजिनीबाईंनी वाचून संपवलं तेव्हा दहा चाळीस झाले होते. मागची सभा म्हणजे सतरा मे एकोणीसशे अठ्ठ्याण्णवची. विषय क्रमांक एक, गच्चीवरची पाण्याची टाकी बदलणे, मंजूर. विषय क्रमांक दोन, वरदच्या मुलीचे नाव स्पृहा ठेवणे, मंजूर. विषय क्रमांक तीन, अण्वस्त्रे कोणत्या राष्ट्रांजवळ असावीत, एकमत न झाल्याने तहकूब.

"आणि चौथा विषय आजचा," त्या म्हणाल्या. "स्पृहाचा विवाह, चिरंजीव पृथ्वीराज हरपळे यांच्याशी."

"चौथा चौथ्या क्रमांकाला," स्पृहाचे आजोबा बाळासाहेब खांबेटे म्हणाले. "आधी तिसरा."

समोरच्या सोफ्यावर पृथ्वीराजचे आजोबा गेनबा हरपळे पुण्याजवळच्या मांजरी गावाहून आणलेल्या पेढ्यांचा डबा मांडीवर धरून बसले होते. शेजारी त्यांच्या पत्नी तुळजाबाई डोक्यावरचा पदर सावरत होत्या आणि पलीकडे स्वतः पृथ्वीराज होता. कसबा पेठेतल्या कार्यालयात त्यांची ऐंशी माणसं साखरपुड्यासाठी येऊन बसली होती आणि मुहूर्त बारा पन्नासपर्यंतच होता. नारायण पेठेतल्या या फ्लॅटमध्ये फक्त दहा मिनिटांचं एक घरगुती काम आहे, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. गेनबांनी अदबीनं विचारलं, "तुमच्यात आधी अणुबॉम्बचं बगायची पद्धत हाय का?"

यावर खांबेट्यांपैकी कोणाला हसू आलं नाही, कारण पद्धत खरोखरच होती.

बाळासाहेबांचे वडील, अप्पा, महापालिकेत कारकून होते. कचेरीत फायली कशा मरतात ते त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. म्हणून छप्पन्न साली त्यांनी घरासाठी कुलसभा काढली आणि अकरा नियम केले. प्रत्येक सभेत एक तरी विषय जगाचा असावा, नाहीतर माणसं भांड्याला भांडं लागण्यापलीकडे बोलत नाहीत, हा चौथा नियम. निर्णय एकमताने व्हावा, हा सातवा. आधीचा विषय निकाली निघाल्याशिवाय पुढचा घेऊ नये, हा नववा. मत फक्त खांबेट्यांच्या पोटी जन्मलेल्यांना. सुनांनी इतिवृत्त लिहावं. बाळासाहेबांच्या पत्नी सरोजिनीबाईंचं अक्षर चांगलं होतं, त्यामुळे त्या लग्न होऊन आल्यापासून लिहीत होत्या.

जगाचे विषय तसे जेवणाच्या आत मिटायचे. चंद्रावर माणूस जावा की नाही, हा तर अर्ध्या तासात मिटला होता. जावा, पण आपल्यापैकी कोणी जाऊ नये, असं ठरलं. अडलं ते पोखरणच्या आठवड्यात. बाळासाहेब आणि त्यांची धाकटी बहीण नंदा यांची अशी जुंपली, की "तुला देशाचं काही पडलेलं नाही" असं बाळासाहेब म्हणाले आणि नंदाताई स्पृहाच्या बारशाच्या पानावरून उठून गेल्या. त्या परत आल्या नव्हत्या. ऑगस्टमध्ये अप्पा गेले आणि अध्यक्षपद बाळासाहेबांकडे आलं. वरदच्या धाकट्या भावाचं, शौनकचं, लग्न न्यू जर्सीत झालं, ते सभेच्या कार्यक्षेत्राबाहेर धरण्यात आलं. सभा संपली असं सगळ्यांनी मनातल्या मनात मानलं होतं.

पंधरा दिवसांपूर्वी बाळासाहेबांनी सभेची नोटीस काढली. घरातल्यांना हातात दिली, पृथ्वीराजच्या घरच्यांना फोन केला आणि नंदाताईंना सहकारनगरला रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली. सत्तावीस वर्षांत भावाचं आलेलं ते पहिलं पत्र. त्यात मायना नव्हता, विषय होते. तरी नंदाताई आज खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या, पर्स मांडीवर घट्ट धरून, उठून जायची सोय ठेवल्यासारख्या.

"अध्यक्षांची भूमिका तीच आहे?" त्यांनी विचारलं. भावाकडे त्या बघत नव्हत्या.

"माझी भूमिका दर मंगळवारी बदलत नाही," बाळासाहेब म्हणाले. "भारताजवळ असावीत. ज्यांच्याजवळ आहेत त्यांच्याजवळ आहेतच, ती काय कोणी मंडईत नेऊन विकणार नाही. यापुढे नव्या कोणाजवळ नसावीत."

"म्हणजे आपण आत शिरल्यावर दार लावून घ्यायचं."

"दार आधीच लावलेलं होतं. अडुसष्ट साली अण्वस्त्रप्रसारबंदीचा करार केला. सदुसष्ट सालच्या जानेवारीआधी ज्यांनी स्फोट केला ते पाच देश शहाणे, बाकीचे सगळे वात्रट. आधी आलेल्यांनी नियम करायचे आणि नंतर आलेल्यांनी पाळायचे. आपण सही केली नाही ती म्हणून."

गेनबा पुढे सरकले. हे त्यांना कळण्यासारखं होतं. "म्हंजे आमच्या शिवंवरल्या इहिरींवानी. पयल्या पाच इहिरी पाटलांच्या. त्यांनी खोदून घेतल्या आन् मग ठराव केला, पाणी खाली चाललंय, आता कुणी इहीर पाडायची न्हाई. तपासायला बी त्येच."

"अगदी बरोबर," बाळासाहेब म्हणाले, आणि आपल्याला इतक्या चटकन समजून घेणारा माणूस समोरच्या सोफ्यावर असावा याचा त्यांना राग आला. "आपण मात्र इथे निरीक्षक आहात, गेनबाराव. निरीक्षकांना बोलता येत नाही."

"न्हाई बोलत," गेनबा म्हणाले. "मग तुमी काय केलं? बॉम्ब पाडला?"

"पाडला नाही. चाचणी केली."

"आमी पाडली. इहीर. तहसीलदाराला कळायच्या आत." आणि ते पुन्हा मागे सरकून बसले.

वरद, म्हणजे बाळासाहेबांचा थोरला मुलगा आणि वधूपिता, भिंतीला टेकून उभा होता. त्याला मत होतं. बावन्न वर्षांच्या आयुष्यात ते त्याने एकदाही एका बाजूला टाकलं नव्हतं. "बाबांचं बरोबर आहे," तो म्हणाला. "पण आत्याचंही अगदीच चूक आहे असं नाही."

"लिहू?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

"नको," वरद म्हणाला.

नंदाताईंनी पर्समधून कागद काढला. तीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवलेल्या बाई, त्या तयारीशिवाय येणं शक्य नव्हतं. कोणाजवळच नसावीत, हे त्यांचं म्हणणं. दक्षिण आफ्रिकेने स्वतः बनवली आणि स्वतःच्या हाताने मोडली, मग ते राष्ट्र बुडालं का? बाळासाहेबांनी युक्रेन काढला. होती ती देऊन टाकली, आता बघताय ना? नंदाताई म्हणाल्या, ज्याच्याजवळ आहे तो भितो, ज्याच्याजवळ नाही तोही भितो, मग एवढा खटाटोप कशाला. बाळासाहेब म्हणाले, हे शाळेच्या फळ्यावर छान दिसतं. इराणवर पंधरा मिनिटं गेली. उत्तर कोरियापाशी चहा आला.

चहाबरोबर पृथ्वीराजच्या बहिणीचा, तनुजाचा, कार्यालयातून फोन आला. पृथ्वीराजने तो स्पीकरवर टाकला, नको त्या वेळी.

"दादा, किती वेळ अजून? इथं सगळ्यांना विचारलं, कशासाठी थांबलोय. मी सांगून टाकलं."

"काय सांगितलंस?"

"जे आहे ते. आता दोन पार्ट्या पडल्यात. संपतमामा म्हणतोय सगळ्यांकडं पाहिजे, म्हणजे कोणी वाकड्यात जाणार नाही. मुक्ताईआत्या म्हणते अमेरिकेचे आधी काढून घ्या. इस्रायलवाले वेगळे बसलेत, त्यांनी पंखा पण तिकडं वळवून घेतलाय. गुरुजी घड्याळ बघतायत."

"गुरुजींचं मत काय आहे?" बाळासाहेबांनी विचारलं. त्यांना खरोखर उत्सुकता होती.

"आजोबा, प्लीज," स्पृहा म्हणाली.

ती मघापासून दारापाशी उभी होती, नेसलेल्या जरीच्या साडीत बसायचं कसं हे न कळून. तिला हे लग्न करायला कोणाची परवानगी नको होती. ती सत्तावीस वर्षांची होती, हिंजवडीत तिच्या हाताखाली नऊ माणसं होती आणि नोंदणी कार्यालयात एक महिन्याच्या नोटिशीवर काम झालं असतं. पृथ्वीराजने तसं दोनदा सुचवलंही होतं. नाही म्हणाली ती तीच. लहानपणी ज्यांच्या बोटाला धरून ती शाळेत गेली, ज्यांच्यासमोर ती अजूनही सकाळी पेपर मोठ्याने वाचायची, कारण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ऑपरेशनची त्यांना भीती होती, त्या माणसाने कार्यालयात पहिल्या रांगेत बसलेलं तिला हवं होतं. तिला एवढंच हवं होतं.

आणि आता तिला दिसत होतं, की आजोबा मजेत आहेत. बाहेर मुहूर्त चालला होता आणि आजोबा अण्वस्त्रं सोडायला तयार नव्हते.

ती नंदाताईंना खुणेने स्वयंपाकघरात घेऊन गेली. तिथे तिची आई तनया परतायच्या वेळेसाठी ओवाळणीचं ताट लावत होती, तिने न बोलता गॅस बारीक केला.

"नंदाआजी, तुमच्या लक्षात आलंय ना? त्यांनी हा विषय मुद्दाम काढला."

"पाकीट फोडलं तेव्हाच लक्षात आलं," नंदाताई म्हणाल्या. "ज्याला एकमत नको असतं तो मला बोलावतो."

"मग आलात का?"

नंदाताईंनी ओट्यावरच्या निरांजनातली वात सारखी केली. "बोलावलं म्हणून," त्या म्हणाल्या. "मला सत्तावीस वर्षांत दुसऱ्या कशासाठी बोलावलं नाही गं."

स्पृहाला एकदम या बाईची लाज वाटली, म्हणजे तिच्याकडे काही मागायची लाज वाटली. तरी तिने मागितलं. "तुम्ही माघार घ्याल? माझ्यासाठी?"

"हे मी त्या दिवशी केलं असतं तर रोज भाऊ भेटला असता मला. केलं नाही, कारण मला ते खरं वाटत नव्हतं. आजही वाटत नाही."

"हो," स्पृहा म्हणाली. "मग राहू दे. मी समजू शकते." आणि ते खरं होतं, म्हणूनच तिचे डोळे भरून आले.

तिचे डोळे पुसून नंदाताई बाहेर आल्या, खुर्चीत बसल्या, पर्स उघडली, हातातला कागद चार घड्या करून आत टाकला आणि पर्स जमिनीवर ठेवली. अकरा पन्नास झाले होते.

"वहिनी, लिहा," त्या सरोजिनीबाईंना म्हणाल्या. "नंदा यांनी विरोध मागे घेतला. अध्यक्षांचं म्हणणं मान्य. भारताजवळ असावीत, नव्यांजवळ नसावीत."

वरद टेकल्या भिंतीवरून सरळ झाला. "मग माझंही मान्य."

"माझंही," स्पृहा म्हणाली.

सरोजिनीबाईंनी लेखणी टेकवली. "म्हणजे एकमत. विषय क्रमांक तीन, मंजूर. आता चौथा."

बाळासाहेबांनी पाण्याचा पेला उचलला आणि तो रिकामा आहे हे बघूनही तोंडाला लावला. सत्तावीस वर्षं ते या वाक्याची वाट बघत होते. कैकदा, सकाळी फिरायला ओंकारेश्वरापर्यंत जाताना, त्यांनी मनात नंदाला हरवलं होतं आणि मग मोठ्या मनाने तिला माफही केलं होतं. आता ती हरून समोर बसली होती आणि त्यांना तिला पुन्हा उभं करायची घाई झाली होती. विषय संपला, तर पुढचा विषय होता. पुढच्या विषयावर त्यांच्याजवळ एकही मुद्दा नव्हता. मुलगा शिकलेला होता, निर्व्यसनी होता, स्पृहाशी बोलताना तिचं वाक्य पुरं होऊ द्यायचा. नको म्हणायचं तर फक्त नको म्हणावं लागलं असतं.

"थांबा," ते म्हणाले. "अध्यक्षांना आपल्या भूमिकेचा पुनर्विचार करायचा आहे."

"आत्ता?" नंदाताई म्हणाल्या.

"इतक्या गंभीर प्रश्नावर घाईने ठराव होऊ नये. मी विचार केला." त्यांनी तो केला नव्हता, ते बोलता बोलता करत होते. "भारताजवळ तरी का असावीत? आपण आधी वापरणार नाही असं म्हणतो. म्हणजे वापरायची वेळ येईल तेव्हा आपण उरलेलोच नसणार. मग ठेवायची कशाला? धूळ पुसायला? दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण मघाशी आलं, ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. ज्याच्याजवळ आहे तो भितो, ज्याच्याजवळ नाही तोही भितो. माझं मत आहे, की ती कोणाजवळच नसावीत."

तुळजाबाईंनी नवऱ्याच्या कानाशी विचारलं, "पार्टी बदलली का काय ह्येंनी?"

"बदलली," गेनबा म्हणाले. "आमच्या सोसायटीच्या निवडणुकीत बी ऐन वक्ताला आसंच."

नंदाताई भावाकडे आता पहिल्यांदा सरळ बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. शाळेत एखादी मुलगी चुकून बरोबर उत्तर देऊन बसली की त्या जशा बघत असतील, तशा त्या बघत होत्या.

"वहिनी, आधीचं खोडा," त्या म्हणाल्या. "मी माझी माघार मागे घेते. कोणाजवळच नसावीत. अध्यक्षांशी मी पूर्ण सहमत आहे."

"मीपण," स्पृहा म्हणाली.

"बाबांचं बरोबर आहे," वरद म्हणाला, आणि पुढचं वाक्य यायच्या आत त्याने ओठ मिटले. आयुष्यात पहिल्यांदा.

"हा डाव आहे," बाळासाहेब म्हणाले.

"अहो, हे तुमचंच भाषण आहे," सरोजिनीबाई म्हणाल्या. त्या आतापर्यंत फक्त लिहीत होत्या. आता त्यांनी लेखणी खाली ठेवली. "अकरा पन्नासला तुम्हाला बॉम्ब हवा होता, अकरा पंचावन्नला नको होता. माझ्याजवळ दोन्ही लिहिलेलं आहे. आता आणखी कुठलं मत असेल तर तेही सांगा, पण जगात तेवढे देश शिल्लक नाहीत. मला या सभेत मत नाही, त्यामुळे मला काही ठरवायचंही नसतं, मी नुसती बघत असते. गेले पंधरा दिवस बघतेय. तुम्हाला रात्री झोप येत नाही ती काही इराणमुळे नाही."

बाळासाहेबांनी रिकामा पेला टेबलावर ठेवला.

"विषय क्रमांक तीन, मंजूर," सरोजिनीबाई म्हणाल्या. "विषय क्रमांक चार. स्पृहाचा विवाह. नंदावन्सं?"

"मंजूर."

"वरद?"

"मंजूर," वरद म्हणाला. स्वतःच्या आवाजाने तो दचकला.

"अध्यक्ष?"

बाळासाहेबांनी धोतराचा सोगा नीट केला. "मी तटस्थ," ते म्हणाले. "अशा वेळी भारत तटस्थ राहतो. तटस्थाने एकमत मोडत नाही, हे अप्पांनी बहात्तर साली स्पष्ट केलेलं आहे. तुमचं काम झालं. जा, मुहूर्त गाठा."

पृथ्वीराज उठला. तुळजाबाईही उठल्या. काम झालं, आता निघावं, हे त्यांना समजण्यासारखं होतं. स्पृहा मात्र दारातून आत आली आणि जरीच्या साडीची पर्वा न करता आजोबांच्या खुर्चीपुढे फरशीवर बसली.

"मला तटस्थ नको," ती म्हणाली.

"अगं, तुझं लग्न मंजूर झालं."

"लग्न मी तसंही करणार आहे. तुमच्या सभेने अडवलं असतं तरी. पण तुम्ही तटस्थ राहिलात तर मी तिकडे तुमच्याशिवाय जाईन आणि आयुष्यभर मला वाटत राहील, की आजोबांच्या मनात काय होतं. हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. नाही म्हणालात तर मी भांडेन. तटस्थाशी भांडता येत नाही."

बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. पृथ्वीराजच्या खिशात फोन थरथरत होता, तो त्याने बंद केला.

"नाही," बाळासाहेब म्हणाले.

"का?"

"पेपर कोण वाचणार सकाळी?"

"हे खरं आहे," स्पृहा म्हणाली. "पण हे अर्धंच आहे."

गेनबा आणि तुळजाबाई समोरच होते, पेढ्यांचा डबा अजून त्यांच्याजवळच होता. त्यांच्यादेखत बोलायचं म्हणजे फार अवघड होतं. बाळासाहेबांना वाटलं, आता कोणीतरी मध्ये पडेल, चहा विचारेल. कोणी विचारला नाही.

"मला वाटतं, ही माणसं आपल्यासारखी नाहीत," ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "पेठेत लोक विचारतील, खांबेट्यांची नात मांजरीला? मी जन्मभर भाषणं केली आहेत, की असं काही मानू नये. आणि मला पंधरा दिवस तेच वाटतंय. मला त्याची लाज वाटते. म्हणून बॉम्ब काढला."

मग ते गेनबांकडे वळले. "आपण घरी आलात आणि मी हे बोललो. माफ करा."

गेनबांनी डबा एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतला. त्यांना लागलं होतं, आणि ते लपवायचं त्यांना काही कारण दिसत नव्हतं. "लागलं मला," ते म्हणाले. "पर आमच्यात बी काय येगळं न्हाई. हिनं तीन म्हैने एक येळचं जेवण सोडलं व्हतं. पेठंतली पोरगी नगो म्हनून. पानी सुदीक मोजून देत्यात म्हनं."

"मी तसंच आयकलं व्हतं," तुळजाबाई म्हणाल्या. त्यांनी समोरच्या रिकाम्या कपांकडे पाहिलं. "च्या मातर पोटभर दिला."

"तरी आलो न्हवं आमी," गेनबा म्हणाले. "मन तयार झाल्यावर येऊ म्हनलो असतो, तर पोरं म्हातारी झाली असती."

बाळासाहेबांनी मान खाली घातली. त्यांच्या पायाशी बसलेल्या नातीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला होता, मेंदीचा, आणि तो हात काही मागत नव्हता, नुसता वाट बघत होता.

"हो," ते म्हणाले.

"काय हो?" स्पृहाने विचारलं.

"लग्नाला हो. मला अजून तसंच वाटतंय, ते काही पाच मिनिटांत जाणार नाही. पण हो."

स्पृहा रडायला लागली. "एवढंच तर होतं, आजोबा."

"एवढंच नव्हतं गं," बाळासाहेब म्हणाले, आणि तिच्या खांद्याचा आधार घेऊन उठले. दारापर्यंत गेल्यावर ते थांबले आणि मागे न बघता म्हणाले, "नंदे, चल. पहिल्या रांगेत दोन खुर्च्या धरायच्या आहेत."